चार भोकं

जयनगर, बंगळूर
११ जून १९९५

प्रिय अण्णा,

तुझं पत्र गुरुवारी आलं. एकाएकी गाडीचं काय मनात आलं, असं तू विचारलंस. एकाएकी नाही. फेब्रुवारीपासून आई गेटच्या बाहेर गेलेली नाही. तिचा डावा पाय अजून जड आहे. घराची पायरी ती चढते. मी पट्टीने मोजली, सात इंच आहे. नानांच्या मॉरिस गाडीच्या मागच्या दाराचा उंबरा रस्त्यापासून तेरा इंच भरतो. रिक्षाचं नाव काढलं की ती नको म्हणते, आणि पायाखाली स्टूल ठेवू म्हटलं की मान फिरवते. तिला मल्लेश्वरमला सुलभामावशीकडे जायचं आहे. तसं बोलून दाखवत नाही, पण शेजारी मावशीचा फोन येऊन गेला की संध्याकाळभर गप्प असते.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रंथालयात एक परदेशी मासिक आलं. नोंद करता करताच मी ते वाचून काढलं, जे करायचं नसतं. त्यात बसची चित्रं होती. थांब्यावर आली की ती बस खाली बसते, म्हातारी माणसं चढली की पुन्हा उठते. तिला पोलादी कमानपाट्यांऐवजी, म्हणजे स्प्रिंगांऐवजी, रबराचे हवेचे फुगे असतात. हवा सोडली की खाली, भरली की वर. मला उंट आठवला. मग वाटलं, आपल्या मॉरिसचा मागचा भाग चार इंच खाली बसवता आला तर? तेरातून चार गेले की नऊ. आईला व्यायाम शिकवायला बाई येतात, त्या म्हणाल्या, नऊ चढतील.

तू पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं काढलीस. कुठला फुगा, केवढी टाकी, कसला पंप, हे तू सांग, मी जे. सी. रोडला दुकानं पालथी घालीन. बसवायला शेषगिरी आहे. नाना गेल्यावरही तो दर महिन्याला गॅरेजातून येऊन गाडी चालू करून बघतो.

जमणार नसेल तर तसं सरळ लिही. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझी बहीण,
संध्या


९ जुलै १९९५

प्रिय अण्णा,

तुझं आठ पानी पत्र तीनदा वाचलं. नाना गेल्यापासून तू मला एवढं मोठं पत्र लिहिलेलं नाहीस. आईला त्यातला पत्ता दाखवला, तर म्हणाली, "अक्षर अजून तसंच आहे, डावीकडे पडणारं."

मागच्या चाकांवरचं वजन हवं होतं तुला. गाडी लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर नेली, फक्त मागची चाकं वर घेतली. हा काटा दहा-दहा किलोंनी सरकतो. तो तीनशे नव्वद आणि चारशेच्या मध्ये थांबला. आता तुला काय कळवायचं, या विचारात मी बराच वेळ उभी. शेवटी शेषगिरीला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, मी कुठे उभा आहे ते आधी बघा." तो काट्यावरच उभा होता! पुन्हा केलं. तीनशे तीस.

फोटो पाठवते आहे. दारांच्या कडा, डिकीचा तळ, चाकांवरचा पत्रा, कमानपाटे, इंजिन नंबर, चासी नंबर. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं आहे. इंजिनच्या नंबराचं फुग्याशी काय काम, असं शेषगिरीने विचारलं. अण्णा मॉडेल ताडून बघत असेल, असं मी सांगितलं. बरोबर ना?

आणि तुझं ते वाक्य: "नानांच्या गाडीला एकही भोक पडता कामा नये, एकही पाटा फेकायचा नाही." खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. नाना गेले तेव्हा गाडी तुझ्या नावावर करायच्या कागदावर मी सही केली, आणि तेव्हा मनात थोडी कुरकुर होती. नानांबरोबर जॅक लावायला मी असायचे, तू नव्हेस. ती कुरकुर मी तेव्हा रोजनिशीत लिहिली होती. काल ते पान काढलं आणि खाली लिहिलं, "माझी चूक."

संध्या


२० ऑगस्ट १९९५

प्रिय अण्णा,

फोनवर नीट बोलता आलं नाही, मीटर पळत होता आणि बूथबाहेर रांग होती, म्हणून लिहिते.

जे. सी. रोडला दोन प्रकारचे फुगे मिळाले. एक बुटका, एकाच वळीचा, तू लिहिलास तो. तो पाटे आणि बॉडी यांच्या मध्ये पट्ट्यांनी आवळून बसतो. भोक लागत नाही, पाटे जसेच्या तसे राहतात. दुसरा उंच, दोन वळ्यांचा, परदेशी ट्रकच्या ड्रायव्हरच्या सीटखालून निघालेला. तो बसवायचा तर पाट्यांच्या चळतीतला एक लांब पाटा ठेवून बाकीचे काढायचे, म्हणजे भार फुग्यावर येतो. त्याला बॉडीच्या तळाशी लोखंडी बैठक बोल्टने जोडावी लागते. एका बाजूला दोन, दोन्ही मिळून चार भोकं.

शेषगिरीचं म्हणणं मी त्याच्याच शब्दांत लिहिते. "अक्का, स्वल्प ऐका. बुटका फुगा गाडीला वर नेईल. हवा सोडली की गाडी पाट्यांवर येऊन बसणार, म्हणजे आज आहे तिथेच. त्याच्या खाली कशी जाईल? पाटे काय हवेचे आहेत?"

हे तुला सांगितलं तर तू हसलास. "शेषगिरी कार्बोरेटर चांगला साफ करतो, तेवढंच करू दे त्याला. फुगा खाली येतो. मी कागदावर काढलं आहे, संध्या. सरी?"

मी म्हटलं, "सरी."

नाना म्हणायचे ते आठवलं का तुला? संध्याचं सरी म्हणजे ऐकलं, अण्णाचं सरी म्हणजे ठरलं, आणि आईचं सरी म्हणजे आता पुरे. शेजारपाजारच्या कानडीतून 'ठीक आहे' एवढ्याच अर्थाचा एक शब्द घरात आला आणि तिघांनी तीन अर्थ करून ठेवले, म्हणून ते चिडवायचे.

तर बुटके फुगे घेतले. दोन्ही फुग्यांना एकच नळी दिली तर वळणावर एकातली हवा दुसऱ्यात जाऊन गाडी लवंडेल, म्हणून दोन नळ्या आणि दोन झडपा, हे तुझं शेषगिरीला फार आवडलं. म्हणाला, "अण्णांना सगळं कळतं. म्हणूनच मला हे कळत नाही."

मी त्याला जरा दटावलं.

संध्या


१७ सप्टेंबर १९९५

प्रिय अण्णा,

काल काम पुरं झालं. पंप पहिल्यांदा लावला तेव्हा फ्यूज उडाला. ही गाडी जुन्या पद्धतीची, बॅटरीचं प्लस बॉडीला. "हिचं सगळंच उलटं, अक्का," असं म्हणत शेषगिरीने वायरी बदलल्या. मग पंप गुरगुरला आणि गाडी मागून अशी अलगद उठली की व्हरांड्यात बसलेली आई म्हणाली, "अग बाई, जागी झाली!" उंबरा पंधरा इंचांवर गेला.

मग झडपा उघडल्या. गाडी खाली आली आणि तेरा इंचांवर थांबली.

मी पुन्हा मोजलं. जागा बदलून मोजलं, जमीन उतरती असेल म्हणून. तेराच. आई काठी घेऊन गेटपर्यंत आली होती. तिने नवं लुगडं नेसलं होतं, कारण मी मूर्खासारखं तिला सकाळीच सांगितलं होतं. तिने उंबऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि "चहा टाकते का ग?" असं म्हणून वळली. शेषगिरी हत्यारं पुसत राहिला. ते मला जास्त लागलं.

माझं मोजमाप कुठे चुकलं ते सांग. वजन? फोटोचा कोन? तुझ्या कागदावर काही वेगळं दिसत असणार.

आणि एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली आहे. फेब्रुवारीत आई "घसरली" असं मी तुला कळवलं होतं. ती घसरली नाही. गाडीत चढायला मी स्टूल ठेवलं होतं. त्यावर माझा पाय दाबून धरायला हवा होता आणि तिचा दंड धरायला हवा होता. मला कामावर उशीर होत होता. मी तिची पिशवी धरली होती. स्टूल कलंडलं. आईने आजपर्यंत हे कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही, याची मला खात्री आहे. स्टूल नको म्हणते ती त्यामुळे. आणि मला ही गाडी खाली बसायला हवी आहे तीही त्यामुळे.

लवकर लिही.

संध्या


२२ ऑक्टोबर १९९५

अण्णा,

पाच आठवड्यांत तुझं उत्तर नाही. आता त्याची गरजही राहिली नाही.

काल म्हैसूरहून नरसिंहराव नावाचे एक गृहस्थ आले. सत्तरीचे, पांढरा शर्ट, हातात फाइल. तू त्यांना माझा पत्ता दिला होतास, पण मला त्यांच्याबद्दल कळवलं नव्हतंस. मला वाटलं, नानांच्या ओळखीचे कुणी. कॉफी केली. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि विचारलं, "गाडी बघू?"

ते तासभर गाडीभोवती फिरले. पत्र्यावर जागोजागी चुंबक लावत होते. जिथे पत्रा सडून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते तिथे ते धरत नाही, असं त्यांनीच समजावलं. मग सतरंजी मागून घेतली, खाली आडवे झाले आणि टॉर्च लावून तळ बघितला. उठून मला म्हणाले, "तुमच्या भावाने कळवलं ते अक्षरशः खरं आहे. एक भोक जरी असतं तरी मी म्हैसूरहून निघालो नसतो. अशा बेचाळीस वर्षं अंगाला हात न लागलेल्या गाड्या आता राहिल्या कुठे?"

मी विचारलं, "काय कळवलं भावाने?"

त्यांनी भाबडेपणाने फाइल उघडली. वर माझे फोटो होते. मागे माझी पेन्सिल. तुझं पहिलं पत्र १६ जूनचं, गाडी विकायची असल्याचं. म्हणजे माझं पत्र तुला मिळालं असेल त्याच दिवशीचं. मला आठ पानं लिहिण्याच्या आधी तू त्यांना लिहिलंस. दुसरं ऑगस्टमधलं, त्यातलं एक वाक्य मी दोनदा वाचून पाठ केलं आहे, तुझ्या इंग्रजीतून मराठीत करते: "बहीण हौसेने हवेचे फुगे लावते आहे, पण ते पट्ट्यांवर आहेत आणि तासाभरात निघतात, गाडी मूळ उंचीच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे बॉडीला काही धोका नाही."

जाऊच शकत नाही. तुला ठाऊक होतं. शेषगिरीला हसलास तेव्हाही ठाऊक होतं.

नरसिंहरावांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि फाइल मिटली. "तुम्हाला सांगितलं नव्हतं?" त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की मलाच त्यांना समजवावं लागलं. कॉफी अर्धी ठेवून गेले. आई आतून विचारत होती, कोण आलं होतं ग? मी म्हटलं, गाडी बघायला आले होते, जुन्या गाड्यांची आवड आहे त्यांना. हे खोटं नाही, पण खरंही नाही. असं बोलायला मी तुझ्याकडून शिकले की मुळातच मला येत होतं, याचा विचार करते आहे.

संध्या


५ नोव्हेंबर १९९५

अण्णा,

काल तू फोनवर जे बोललास ते मी लगेच रोजनिशीत उतरवून ठेवलं, नंतर मला ते सौम्य करून आठवू नये म्हणून. त्यावरून हे लिहिते. कुठे शब्द चुकला असेल तर कळव.

तू म्हणालास, "मे महिन्यात मी तुला विचारलं होतं. गाडी अशी पडून राहण्यापेक्षा जपणाऱ्याच्या हाती गेलेली बरी, सरी? तू सरी म्हणालीस."

मी २८ मेचं पान काढलं. "अण्णाचा फोन शेजारी आला. बोलता बोलता घरी दूध उतू गेलं." एवढंच आहे. म्हणजे तू विचारलं असशील. मी सरी म्हटलंही असेल. गॅसकडे धावताना मी कशालाही म्हणाले असते. मी नाही म्हणाले असं शपथेवर सांगू शकत नाही. पण माझ्या सरीचा अर्थ काय, हे त्या घरात वाढलेल्या माणसाला ठाऊक आहे. नरसिंहरावांनी तो अर्थ चुकवला असता तर मी त्यांना दोष दिला नसता.

मग मी विचारलं, विकायची होती तर फुग्यांचं नाटक कशाला? आठ पानं कशाला? त्यावर तू म्हणालास, "तुला काहीतरी करत राहायचं होतं, म्हणून करू दिलं. आणि संध्या, खरं बोलायचं तर आई आता कुठे जाणार आहे?"

गाडीचं मी कदाचित विसरले असते. कागदावर ती तुझी आहे, मी सही केली आहे. हे वाक्य मात्र मला गिळता येत नाही. तू तिकडे बसून ठरवलंस की ती आता बाहेर पडणार नाही, आणि त्या हिशेबाने फुगा निवडलास. चुकून निवडला असतास तर मी दहा वेळा मोजून तुझी चूक माझ्यावर घेतली असती. तू तो नीट समजून-उमजून निवडलास. तुझ्यासारखा हुशार इंजिनियर मला मिळाला नसता तर बरं झालं असतं. शेषगिरीने जून महिन्यातच तिला गाडीत बसवलं असतं.

मला जे करायचं आहे ते तुला न सांगता करणार नाही. उंच फुगे अजून दुकानात आहेत, मी सांगून ठेवले आहेत. पुढच्या पंधरा दिवसांत तू ये, आणि भोक न पाडता गाडी खाली कशी आणायची ते दाखव. किंवा लिही. दोन्ही झालं नाही तर मी भोकं पाडीन. गाडी तुझ्या नावावर आहे, तेव्हा हे चूक आहे हे मला कळतं. रात्रंदिवस तेच घोळतं आहे. तरी मी पाडीन.

नरसिंहरावांनाही असंच पत्र आज टाकते आहे. त्यांना अंधारात ठेवायचं काही कारण नाही.

संध्या


२६ नोव्हेंबर १९९५

अण्णा,

तू आला नाहीस, लिहिलंही नाहीस. नरसिंहरावांचं कार्ड आलं. दोनच ओळी आहेत: "मग गाडी माझ्या उपयोगाची राहत नाही. तुमच्या आईंना सांभाळून बसवा."

परवा शेषगिरीने फळ्यांवर गाडी चढवली, पाटे सोडवले. लांब पाटा ठेवला. बैठका धरून बघितल्या, मग ड्रिल हातात घेऊन थांबला. "अक्का, भोक वेल्डिंगने बुजवता येतं. पण बघणाऱ्याला कळतंच." मी म्हटलं, ठाऊक आहे. "अण्णा मला विचारतील." मी म्हटलं, तुला नाही विचारणार, आण इकडे. खडूने चार फुल्या मीच मारल्या आणि पहिलं भोक मी पाडलं. पत्रा वाटला होता त्यापेक्षा जाड आहे. चांदीसारखा चुरा हातावर पडला. नानांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते, ते मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, ओरडले असते. कधी वाटतं, दुसरं भोक मला पाडू दे म्हणाले असते. उरलेली तीन शेषगिरीने पाडली.

काढलेले पाटे ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. तू म्हणाला होतास, एकही फेकायचा नाही. फेकलेला नाही. बुटके फुगे पेटीत आहेत. तुझी आठ पानंही त्यातच ठेवली.

आज सकाळी झडपा उघडल्या. गाडी सुस्कारा सोडत खाली बसली. मी मोजलं, सव्वानऊ इंच. आईने ते लुगडं आज नेसलं नव्हतं, साधंच होतं. मी या वेळी तिला आधी काही सांगितलंच नव्हतं. तिची पिशवी शेषगिरीकडे दिली. मी तिचा दंड धरला, दोन्ही हातांनी. तिने उजवा पाय आत टाकला, बसली, मग डावा पाय हाताने उचलून आत घेतला. शेषगिरीने पंप चालू केला. गाडी तिला घेऊन वर आली, तेव्हा तिने समोरच्या सीटची कड पकडली आणि लहान मुलीसारखी हसली.

"अम्मा, हवा जास्त झाली का?" शेषगिरीने विचारलं.

"मला काय विचारतोस? मी काय चाक आहे?" आई म्हणाली.

लालबागेवरून जाताना ती काच खाली करून बाहेर बघत होती. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला वळलो तेव्हा म्हणाली, "संध्ये, हे फुगे अण्णाने निवडले का ग?"

मी आरशात तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या दिवशी मी शेजारच्यांच्या फोनवर तुझ्याशी भांडत होते तेव्हा खिडकी उघडी होती, हे मला आत्ता आठवलं.

मी म्हटलं, "हो. अण्णानेच."

सुलभामावशी गेटशी उभी होती. तिने दोन्ही हात वर केले. हवा सोडायच्या आधी आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"त्याला लिही मग," ती म्हणाली. "आई सरी म्हणाली म्हणावं."

लिहिलं. आईच्या सरीचा अर्थ तुला सांगायला नको.

संध्या